लेसरच्या लेखणीचे टोक

घरातला स्टीलचा एखादा जुना डबा किंवा तांब्या घ्या आणि त्याच्या काठाजवळ नीट पाहा. कोणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून आलेल्या त्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख बारीक ठिपक्यांनी कोरलेली दिसेल. भांड्यांच्या दुकानातील कारागीर थरथरणारी विजेची लेखणी हातात धरून अशी नावे घालतो. अलीकडे मात्र काही दुकानांत निराळेच दृश्य दिसते. भांडे एका यंत्राखाली ठेवतात, दुकानदार संगणकावर नाव टंकतो आणि काही सेकंदांत ते नाव भांड्यावर उमटते. लेखणी दिसत नाही, भांड्याला काही टेकत नाही. हे कोरकाम प्रकाश करतो. हे यंत्र म्हणजे फायबर लेसर यंत्र होय.

प्रकाशाच्या या लेखणीलाही टोक असते, आणि ते ठरवते यंत्राच्या तोंडाशी बसवलेले भिंग. यंत्र तेच ठेवून भिंग बदलले की लेखणीचे टोक बारीक किंवा जाड होते. समजा, तुमच्या ओळखीच्या एका तरुणाने कर्ज काढून असे यंत्र घ्यायचे ठरवले आहे. त्याला कोणीतरी सल्ला देतो, "सर्वांत मोठ्या क्षेत्रावर काम करणारे भिंग घे, म्हणजे लहानमोठी सगळी कामे त्यातच होतील." हा सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो. तो बरोबर आहे की चूक, हे आपण शाळेत शिकलेल्या भौतिकीच्या आधारे तपासून पाहू या.

प्रकाश येतो कोठून?

या यंत्रात काचेचा एक लांब तंतू वेटोळे करून ठेवलेला असतो. त्याच्या केसापेक्षाही बारीक गाभ्यात यिटर्बियम नावाचे मूलद्रव्य अल्प प्रमाणात मिसळलेले असते. लहान लहान अर्धवाहक लेसर त्या तंतूत प्रकाश सोडतात. यिटर्बियमचे आयन तो शोषून घेतात आणि सुमारे १.०६ मायक्रॉन तरंगलांबीचा लेसर प्रकाश बाहेर टाकतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोळ्यांना सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन तरंगलांबीचाच प्रकाश दिसतो. म्हणजे हा प्रकाश अवरक्त आहे, तो आपल्याला दिसत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

यंत्रावर '२० वॅट' असे लिहिलेले असते. २० वॅटचा दिवा तर भांड्याला साधा गरमही करीत नाही, मग हे यंत्र पोलाद कसे कोरते? याचे एक कारण असे, की हा प्रकाश सलग येत नाही, स्पंदांच्या रूपाने येतो. सेकंदाला २०,००० स्पंद धरले तर प्रत्येक स्पंदाच्या वाट्याला २० भागिले २०,००० म्हणजे एक सहस्रांश जूल ऊर्जा येते. पण ती सुमारे १०० नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या एक कोटीव्या भागात बाहेर पडते. भागाकार करून पाहा. त्या क्षणापुरती शक्ती १०,००० वॅट भरते! दुसरे कारण असे, की ही सर्व शक्ती एका अतिसूक्ष्म ठिपक्यात एकवटलेली असते. एकवटण्याचे हे काम भिंगाचे.

ठिपका किती लहान होऊ शकतो?

बहिर्वक्र भिंगाने उन्हात कागद जाळण्याचा प्रयोग तुम्ही केला असेल. कागदावर दिसणारा तेजस्वी ठिपका म्हणजे सूर्याची प्रतिमा असते. तिचा व्यास भिंगाच्या नाभीय अंतराच्या साधारण १०७ व्या भागाइतका असतो. नाभीय अंतर १० सेंटिमीटर असेल तर ठिपका ०.९ मिलिमीटरचा, २० सेंटिमीटर असेल तर १.९ मिलिमीटरचा. नाभीय अंतर वाढले की ठिपका वाढतो, कारण सूर्य हा बिंदू नाही. आकाशात तो सुमारे अर्ध्या अंशाचा कोन व्यापतो.

लेसरचा झोत मात्र जवळजवळ समांतर असतो. तुम्ही म्हणाल, "समांतर किरण नाभीत एका बिंदूत मिळतात, मग लेसरचा ठिपका बिंदूएवढाच व्हायला हवा." किरणांच्या आकृतीत तसे दिसते खरे. पण प्रकाश ही तरंगरूपी गोष्ट आहे आणि तरंग अरुंद जागेत कोंडू गेल्यास पसरतात. याला विवर्तन म्हणतात. त्यामुळे ठिपक्याला एक किमान मर्यादा पडते. लेसरच्या आदर्श झोतासाठी तिचे सूत्र असे आहे:

ठिपक्याचा व्यास = १.२७ × तरंगलांबी × नाभीय अंतर ÷ झोताचा व्यास

प्रत्यक्षातील झोत आदर्शापेक्षा थोडा उणा असतो, म्हणून आलेल्या उत्तराला आपण दीडने गुणू. आता भिंगावर पडणारा झोत ७ मिलिमीटर व्यासाचा आणि भिंगाचे नाभीय अंतर १६० मिलिमीटर धरा. गणित करून पाहा. ठिपका सुमारे ४६ मायक्रॉनचा येईल. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो! एवढ्याशा ठिपक्यात मघाचे १०,००० वॅट पडले, की दर चौरस मिलिमीटरला सुमारे ६० लाख वॅट हा हिशेब येतो. त्यापुढे पोलाद काय टिकणार? त्याचा पृष्ठभाग क्षणार्धात वितळतो आणि काही भागाची वाफ होते.

सूत्राकडे पुन्हा एकदा पाहा. ठिपका लहान करण्याचे तीन मार्ग त्यात दडलेले आहेत. पहिला, तरंगलांबी कमी करणे. पण त्यासाठी लेसरच बदलावा लागेल. दुसरा, झोत रुंद करणे. पण झोत रुंद केला की तो वळवणारे आरसेही मोठे हवेत. मोठे आरसे जड असतात आणि जड आरसे भराभर हलत नाहीत. तिसरा, कमी नाभीय अंतराचे भिंग घेणे. यंत्र विकत घेणाऱ्याच्या हातात सहजी असतो तो हाच मार्ग.

विजेरी आणि भिंत

झोत वळवणारे आरसे, असे आपण म्हटले. यंत्राच्या डोक्यात दोन छोटे आरसे असतात. एक झोताला आडवा फिरवतो, दुसरा उभा. गॅल्व्हॅनोमीटरमध्ये विद्युत्प्रवाहाने काटा वळतो, त्याच तत्त्वावर हे आरसे वळतात. परावर्तनाच्या नियमानुसार आरसा ५ अंश वळला की झोत १० अंश वळतो. हा वळलेला झोत भिंगातून खाली येतो आणि ठिपका वस्तूवर सरकत जाऊन अक्षर रेखाटतो.

येथे साधे भिंग मात्र चालत नाही. का, ते घरीच पाहा. अंधाऱ्या खोलीत भिंतीसमोर उभे राहून विजेरी सारख्या वेगाने बाजूला फिरवा. मधोमध असताना प्रकाशाचा ठिपका सावकाश सरकतो, कोपऱ्याकडे जाताना तो पळत सुटतो. १६० मिलिमीटरच्या साध्या भिंगाने हेच होईल. झोताच्या पहिल्या १० अंशांत ठिपका २८.२ मिलिमीटर सरकेल आणि पुढच्या १० अंशांत ३० मिलिमीटर. मग चौकोन चौकोनी राहणार नाही, त्याचे कोपरे ताणले जातील. शिवाय साध्या भिंगाची नाभी सपाट पृष्ठावर न फिरता वाटीसारख्या वक्र पृष्ठावर फिरते. म्हणजे मध्यभागी अक्षर ठळक आणि कडेला पुसट.

यावर उपाय म्हणून अनेक भिंगे एकापाठोपाठ बसवून एक खास भिंगसंच बनवतात. त्यात ठिपक्याचे सरकणे कोनाच्या अगदी सम प्रमाणात असते: सरकलेले अंतर = नाभीय अंतर × कोन (कोन रेडियनमध्ये). १० अंश म्हणजे ०.१७४५ रेडियन. म्हणजे पहिले १० अंश असोत की पुढचे १० अंश, ठिपका प्रत्येक वेळी २७.९ मिलिमीटरच सरकतो, आणि तोही सपाट पृष्ठावर. इंग्रजीत नाभीय अंतराला 'एफ' हे अक्षर आणि कोनाला 'थीटा' हे ग्रीक अक्षर वापरतात. म्हणून याचे नाव पडले एफ-थीटा भिंग.

आरसे एका ठराविक कोनापलीकडे वळत नाहीत. त्यामुळे मोठ्या चौरसावर काम करायचे असेल तर नाभीय अंतरच वाढवावे लागते. आणि नाभीय अंतर वाढले की ठिपका जाड होतो, हे आपण पाहिलेच. भिंगाच्या निवडीतला सारा पेच येथे आहे.

एक द्यावे, एक घ्यावे

बाजारात मिळणाऱ्या चार भिंगांची तुलना करू या. झोताचा व्यास सर्वत्र ७ मिलिमीटर धरला आहे. 'जोर' म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारी शक्ती. १६० मिलिमीटरच्या भिंगाचा जोर १ मानला आहे. 'मोकळीक' म्हणजे वस्तू नाभीपासून किती वर किंवा खाली सरकली तरी चालेल ते अंतर. तेवढ्या अंतरावर ठिपक्याचे क्षेत्रफळ दुप्पट झालेले असते.

नाभीय अंतर १०० मिमी : चौरस ७० × ७० मिमी, ठिपका २९ मायक्रॉन, जोर २.६, मोकळीक ०.४ मिमी.

नाभीय अंतर १६० मिमी : चौरस ११० × ११० मिमी; ठिपका ४६ मायक्रॉन; जोर १; मोकळीक १.१ मिमी.

नाभीय अंतर २५४ मिमी : चौरस १७५ × १७५ मिमी, ठिपका ७४ मायक्रॉन, जोर ०.४, मोकळीक २.७ मिमी.

नाभीय अंतर ४२० मिमी : चौरस ३०० × ३०० मिमी, ठिपका १२२ मायक्रॉन, जोर ०.१५, मोकळीक ७.३ मिमी.

चौरसाच्या बाजूला नाभीय अंतराने भागून पाहा. चारही वेळा उत्तर ०.७ च्या आसपास येईल. चारही भिंगांवर आरसे जवळजवळ तेवढ्याच कोनातून वळतात, याचा हा पुरावा.

आता जोराचा रकाना पाहा. १६० ऐवजी ४२० चे भिंग लावले, तर ठिपका २.६ पट रुंद होतो; पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून जोर जवळजवळ सातपटीने घटतो. २० वॅटचे यंत्र जणू ३ वॅटचे होऊन बसते! "मोठे भिंग घे, सगळी कामे होतील" या सल्ल्यातली गोम तुमच्या लक्षात आली असेल. मोकळीक मात्र उलट वागते. नाभीय अंतर वाढले की तीही वर्गाच्या प्रमाणात वाढते. जोर हवा तर मोकळीक सोडावी लागते, मोकळीक हवी तर जोर सोडावा लागतो.

तीन गिऱ्हाइके

आपल्या तरुणाच्या दुकानात तीन कामे आली आहेत अशी कल्पना करा.

पहिले काम सोन्याच्या कर्णफुलाचे. भारतीय मानक ब्यूरोच्या हॉलमार्कमध्ये १ जुलै २०२१ पासून प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र असा सहा अक्षरांचा आणि अंकांचा क्रमांक आला. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय सोन्याचा हॉलमार्क दागिना दुकानदाराला विकता येत नाही. हा क्रमांक मान्यताप्राप्त केंद्रातच घातला जातो, तेव्हा आपल्या तरुणाकडे तशाच बारीक आद्याक्षरांचे काम आले आहे असे समजू. अक्षराची उंची ०.३ मिलिमीटर धरा. इंग्रजी 'ई' या अक्षरात तीन आडव्या रेघा आणि त्यांच्यामध्ये दोन मोकळ्या जागा असतात. उंचीचे पाच भाग केले तर प्रत्येक ६० मायक्रॉनचा, म्हणजे लगतच्या दोन रेघांच्या मध्यांत १२० मायक्रॉनचे अंतर. १२२ मायक्रॉनच्या ठिपक्याने या रेघा एकमेकींत मिसळून नुसता डाग उरेल. इंग्रजी 'बी' आणि '८' यांतला फरकही तसाच नाहीसा होईल. हॉलमार्कच्या क्रमांकात असे झाले, तर ग्राहकाला तो क्रमांक तपासताच येणार नाही आणि शुद्धतेच्या खुणेला अर्थ उरणार नाही. शिवाय या तरंगलांबीचा प्रकाश पडला, तर सोने त्यातले शंभरातले सुमारे ९८ भाग परत फेकते. उरलेल्या थोड्यांत काम करायचे, म्हणजे जोरही जास्त हवा. तेव्हा येथे १०० मिलिमीटरचे भिंग.

दुसरे काम स्टीलच्या डब्याचे. त्रिज्या ५० मिलिमीटर, नाव ३० मिलिमीटर रुंद. ७० मिलिमीटरच्या चौरसात ते सहज बसते. मग १०० चेच भिंग चालेल ना? थांबा. डबा गोल आहे. नावाचा मध्य आणि कड यांच्या उंचीत किती फरक पडतो, ते पायथागोरसच्या प्रमेयाने काढा. ५० चा वर्ग २५००, त्यातून १५ चा वर्ग २२५ वजा करा, वर्गमूळ ४७.७. म्हणजे कडा मध्यापेक्षा २.३ मिलिमीटर खाली आहेत. नाभी बरोबर मधल्या उंचीवर धरली, तरी दोन्हीकडे १.१५ मिलिमीटरचा फरक राहतोच. १०० च्या भिंगाची मोकळीक ०.४ मिलिमीटर, नाव मध्येही आणि कडेलाही फिके येईल. १६० चे भिंग अगदी काठावर आहे. २५४ चे भिंग निर्धास्त चालेल. जोर कमी पडतो म्हणून तेच नाव दोनतीनदा गिरवून घ्यायचे.

तिसरे काम घराच्या नावाच्या पाटीचे. पाटी ॲल्युमिनियमची, काळा थर चढवलेली, २५० मिलिमीटर लांब. अक्षरे बोटाएवढी उंच, म्हणजे ठिपका जाड असला तरी बिघडत नाही. आणि काळा थर उडवायला जोरही फारसा लागत नाही. ४२० चे भिंग येथे शोभते. तीच पाटी पितळेची आणि नाव खोल कोरून हवे असेल, तर मात्र २० वॅटचे हे यंत्र त्या भिंगातून दमून जाईल.

म्हणजे सल्ला काय द्यायचा? आधी भिंग निवडायचे नाही. आधी काम पाहायचे. अक्षर किती लहान, वस्तू किती मोठी, पृष्ठ किती वर-खाली आणि धातू कोणता, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की भिंग आपोआप ठरते. नाना प्रकारची कामे येणार असतील, तर १६० चे भिंग घेऊन सुरुवात करावी आणि गरजेप्रमाणे दुसरे जोडावे. भिंग बदलले की यंत्राच्या डोक्याची उंचीही बदलावी लागते आणि संगणकाला नव्या चौरसाचे माप सांगावे लागते, हे विसरता कामा नये.

काच कोणती?

लाकूड आणि प्लॅस्टिक कापण्यासाठी कार्बन डायऑक्साइड लेसर वापरतात. त्याचा शोध अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६४ साली चंद्रकुमार पटेल यांनी लावला. ते जन्माने बारामतीचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी! त्या लेसरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे आपल्या लेसरच्या दसपट. साधी काच तो प्रकाश शोषून घेते, म्हणून त्याची भिंगे झिंक सेलेनाइडची करतात. फायबर लेसरचा प्रकाश मात्र काचेतून आणि क्वार्ट्‌झपासून केलेल्या काचेतून सहज जातो. एका लेसरचे भिंग दुसऱ्याला लावून चालत नाही, ते यामुळे.

आणखी एक बारकावा आहे. काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. तीन भिंगांच्या संचात सहा पृष्ठे असतात. ०.९६ चा सहावा घात काढा, ०.७८ येईल. म्हणजे २२ टक्के प्रकाश वायाच गेला! इतकेच नव्हे, तर परत फिरलेला प्रकाश आतल्या आरशावर एकवटून तो जाळूही शकतो. म्हणून पृष्ठांवर परावर्तन रोखणारा अतिशय पातळ लेप देतात. त्याची जाडी विशिष्ट तरंगलांबीसाठीच मोजून ठरवलेली असते, म्हणून भिंगावर तरंगलांबी छापलेली असते. ती '१०६४ नॅनोमीटर' आहे ना, हे घेण्यापूर्वी पाहून घ्यावे.

आणि एक भिंग आपल्या डोळ्यांत

या यंत्राजवळ आणखी एक भिंग असते, ते म्हणजे आपल्या डोळ्यातले. अवरक्त असला तरी हा प्रकाश डोळ्यातून थेट पडद्यापर्यंत पोचतो. डोळ्याचे भिंगही त्याला एकवटते, आणि ते एकवटणे सुमारे एक लाखपट असू शकते. प्रखर दृश्य प्रकाश पडला की आपली पापणी आपोआप मिटते. हा प्रकाश तर दिसतच नाही. पापणी मिटणार कशी? भांड्याच्या चकचकीत पृष्ठावरून उसळलेला झोतही दृष्टी कायमची घालवू शकतो. म्हणून याच तरंगलांबीसाठी बनवलेला संरक्षक चष्मा किंवा यंत्राभोवती बंद पेटी, ही चैन नव्हे. साधा काळा चष्मा येथे उपयोगाचा नाही. दुकानात असे यंत्र उघड्यावर चालू दिसले तर जवळ जाऊन वाकून पाहू नका.

करून पाहा

लेसर नसला तरी या लेखातल्या दोन्ही गोष्टी तुम्हाला शाळेत पडताळून पाहता येतील. प्रयोगशाळेतून सारख्याच व्यासाची, पण १० आणि २० सेंटिमीटर नाभीय अंतरांची दोन बहिर्वक्र भिंगे मागून घ्या. शिक्षकांच्या देखरेखीखाली, मोकळ्या फरशीवर, काळ्या कागदावर सूर्याची प्रतिमा पाडा. भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नका आणि तेजस्वी ठिपक्याकडे टक लावून बसू नका. कोणत्या भिंगाने कागद आधी धुमसतो आणि किती सेकंद आधी, ते घड्याळात पाहा. मग प्रत्येक भिंग नाभीपासून ५ मिलिमीटर वर उचला आणि कोणता ठिपका अधिक पसरतो ते पाहा. पहिल्या परीक्षेत जिंकलेले भिंग दुसऱ्या परीक्षेत हरते का? दोन्ही उत्तरे कारणांसह वहीत नोंदवा आणि आधी केलेल्या अंदाजाशी ताडून पाहा.